बिनश्वासाची व्यंजनं

"नाकानं श्वास चालू ठेवा आणि तोंडानं च्च् करा," मेहरून पटवेकर म्हणाली. "कुणाचं वाईट झालं की आपण करतो ना, तसं."

प्रणाली शिगवण खाटेच्या कडेला अवघडून उभी होती. खाटेवर तिचा नवरा, संदेश. त्याच्या गळ्यात नळी होती आणि नळी श्वासयंत्राला जोडलेली होती. गेले काही महिने भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून नेमकं तेच करून जात होता. आपणही त्याच्या तोंडावर च्च् च्च् करायचं, हे तिच्या जिवावर आलं.

"दुसरं काहीतरी सांगा की मॅडम."

"दुसरंही आहे. पण सुरुवात यानंच होते. करून तर बघा, श्वास थांबतो का?"

प्रणालीनं नाकाखाली बोट धरलं आणि च्च् केलं. परत केलं. श्वास आपल्या वाटेनं चालला होता आणि आवाज त्याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा तोंडातल्या तोंडात वाजत होता. एवढ्या वर्षांत तिच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"आता तुम्ही, संदेशभाऊ," मेहरून म्हणाली.

संदेशनं डोळे मिटून घेतले.

संदेश वायरमन होता. चिपळूणच्या दक्षिणेला डोंगरातल्या वाड्यांना वीज पोचवणाऱ्या तारा त्याच्या ताब्यात होत्या. तारांवर नजर ठेवायला आता ड्रोन आले होते, पण तुटलेली तार जोडायला अजून माणूसच खांबावर चढत होता. वैशाखातल्या एका वादळानंतर तो आणि त्याचा जोडीदार रुपेश गोताड एका कड्यालगतच्या खांबावर चढले, आणि पावसानं पोखरलेली दरड खांबासकट खाली गेली. संदेशच्या मानेतला मज्जारज्जू दुखावला. मानेखाली काही हलेना. श्वासही यंत्राचा झाला. गिळताना पाणी श्वासनळीत उतरायचं, म्हणून नळीभोवतीचा छोटा फुगा सतत फुगवून ठेवावा लागे. त्यामुळे हवा नळीतूनच आत जायची, नळीतूनच बाहेर पडायची. कंठापर्यंत पोचायचीच नाही. जीभ, ओठ, कान आणि बुद्धी मात्र शाबूत होती.

नजरेनं अक्षरं निवडायचा पडदा डॉक्टरांनी लावून बघितला, पण डोक्याला बसलेल्या मारामुळे त्याची बुबुळं सारखी थरथरत आणि पडद्याला नजर सापडत नसे. मेंदूत तारा बसवून मनातलं बोलणं पडद्यावर आणायची शस्त्रक्रिया मुंबईत होत असे, पण त्याच्या फुफ्फुसांना तो ताण झेपणारा नव्हता. मग प्रणालीनं फोनवर ओठवाचनाचं ॲप घेतलं. संदेशनं नुसते ओठ हलवायचे आणि फोनवर वाक्य उमटायचं.

उमटायचंही. पहिल्याच आठवड्यात फोनवर आलं होतं, 'उपास केला का?' प्रणालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्वतः अशा अवस्थेत असताना हा माणूस आपल्या सोमवारची चौकशी करतोय! तिला पुढे बोलवेना. तिनं त्याचा हात गच्च धरला, "हो" म्हणाली आणि रडली.

त्यानंतर संदेश ओठ हलवायचाच थांबला. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, एवढंच उरलं. 'पाणी हवंय?' 'उजेड लागतोय?' 'आईला फोन लावू?' दुसऱ्याला जेवढं सुचेल तेवढंच त्याला बोलता येत होतं.

रुग्णालयातल्या डॉक्टर बर्व्यांनी त्याला दोनदा एक प्रश्न विचारला होता. छातीखालच्या श्वासपटलाला बारीक तारा जोडून, विजेच्या हलक्या ठोक्यांनी ते हलवायचं. जमलं, तर रोज काही तास यंत्राशिवाय राहता येईल आणि घरी जाता येईल. करायचं का? दोन्ही वेळेला संदेशची पापणी दोनदा मिटली. नाही.

"स्नायू वाळत चाललाय," डॉक्टर प्रणालीला म्हणाले. "पुढच्या महिन्यात शेवटचं विचारीन. नंतर करूनही उपयोग होणार नाही. त्यांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही."

तेव्हाच त्यांनी वाचा-उपचार करणाऱ्या मेहरूनला बोलावून घेतलं.

मेहरूनला या कामाची कल्पना फार पूर्वी, शिकत असताना सुचली होती. अतिदक्षता विभागात अशीच गळ्यात नळी असलेली एक बाई होती. मुलगा येऊन म्हणाला, "आई, परीक्षा राहिली." बाईनं लगेच च्च् केलं. सगळा विभाग वळून बघायला लागला. जिच्या तोंडून कित्येक दिवस चकार शब्द निघाला नव्हता, तिच्या तोंडून हा स्पष्ट आवाज आला कुठून?

त्याचं उत्तर सोपं होतं. जिभेची मागची बाजू वर टाळूला चिकटते, पुढची बाजू दातांमागे चिकटते, आणि मध्ये चिमूटभर हवा कोंडली जाते. जीभ मधोमध जरा खाली ओढली की ती हवा विरळ होते. मग पुढचा टेका सोडला की बाहेरची हवा खटकन आत शिरते. तो खटका म्हणजे च्च्. फुफ्फुसाचा त्यात काही संबंध नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला लाखो लोक रोजच्या बोलण्यात अशी व्यंजनं वापरतात. आपल्याकडे ती हळहळायला आणि जनावरं हाकायला तेवढी उरली आहेत. शाळेत आपण शिकतो, की व्यंजनाला स्वराचा टेकू लागतो. या व्यंजनांना तो लागत नाही.

मेहरूननं अशी पाच व्यंजनं घेतली. दातांमागचं च्च्, त्याला ती 'हळहळ' म्हणे. जीभ वर वळवून खाली आपटल्यावर घोडा चालल्यासारखा टॉक् वाजतो, ती 'टाप'. जिभेची एकच कड, दाढांजवळची, सोडून काढायचा आवाज, बैलाला हाकताना काढतात तो, म्हणून 'हाक'. नुसत्या ओठांचा तो 'पापा'. आणि पाचवं, सगळ्यांत अवघड, 'साल': अख्खी जीभ टाळूला पसरून चिकटवायची आणि केळ्याची साल सुटावी तशी मधून सोडवत आणायची. प्रत्येक आवाज ओठ गोल करून काढला तर खोल वाजतो आणि पसरून काढला तर चढा. असे दहा ध्वनी. दोन-दोन, तीन-तीन जोडून शब्द. या भाषेला तिनं नाव दिलं होतं, जिव्हाळी.

टाळूला कवळीसारखी एक पातळ पट्टी बसायची. जीभ कुठे टेकली, कुठून सुटली हे ती उशाजवळच्या डबीला कळवायची. ओठांचा आकार डबी आवाजावरून ओळखायची आणि त्या ध्वनींचा मराठी शब्द बोलून दाखवायची. ओठवाचनाच्या ॲपपेक्षा ही डबी एका बाबतीत फार वेगळी होती. ती अंदाज करत नसे. ध्वनी बरोबर आला तर शब्द, नाहीतर गप्प.

पट्टी बसवून झाली, पण पहिला आठवडा संदेशनं काहीच केलं नाही. मेहरून रोज यायची आणि प्रणालीलाच शिकवायची.

"मला शिकवून काय होणार? बोलायचंय त्यांना."

"भाषेला दोघं लागतात, प्रणालीताई. आणि ते ऐकतायत. कान कुठे मिटता येतात?"

'पापा'ची पाळी आली तेव्हा प्रणाली लाजून चूर झाली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा बघत होते. तिनं पदर तोंडाला लावून हळूच आवाज काढला, तो इतका बारीक आला की चिमणीनंही ओ दिली नसती. "जोरात!" मेहरून म्हणाली. प्रणालीनं जोरात काढला, आणि पलीकडून आजोबा म्हणाले, "सूनबाई, इकडं नको हो, मला बीपी आहे." सगळी खोली हसली.

आणि त्या हशात उशाजवळची डबी बोलली. "पाणी."

पसरट हळहळ, गोल टाप. संदेशनं डोळे उघडले होते. प्रणालीनं चमच्यानं त्याचे ओठ ओले केले. त्या गडबडीत निम्मं पाणी उशीवर सांडलं.

त्यानंतर तो शिकू लागला. शिकणं सोपं नव्हतं. इतके महिने न वापरलेली जीभ लगेच थकायची. 'हाक' काढताना दोन्ही कडा एकदम सुटायच्या. 'साल' तर कित्येक दिवस आलीच नाही, नुसता चिकट फसका आवाज यायचा. मेहरूननं त्याच्या टाळूला मधाचं बोट लावलं आणि म्हणाली, "मध जिभेनं काढा, पण टोकानं नाही, पाठीनं." त्या मधानं जमलं. प्रणालीही घरी जाताना, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना टाळूला जीभ लावून बसायची. हळूहळू तिला डबीची गरज लागेना. "मान," तो म्हणायचा, "उशी, खाली," आणि डबी बोलायच्या आत तिचा हात उशीखाली गेलेला असायचा. परिचारिकांनीही दहा-पंधरा शब्द उचलले.

डॉक्टरांच्या शेवटच्या प्रश्नाचा दिवस जवळ आला. त्याआधी मेहरूननं खुर्ची खाटेजवळ ओढली आणि जिव्हाळीतच विचारलं, "ऑपरेशन नको. का?"

'का' हा शब्द त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. पापणीनं 'का'चं उत्तर देता येत नाही.

संदेशची जीभ हलू लागली, सावकाश, एकेक ध्वनी घासूनपुसून काढल्यासारखा. डबी बोलत गेली. "खांब. मित्र. संपला. मी. बोलावलं."

मेहरूनला काही उमगेना. "खांबाचं म्हणतायत का? अपघाताचं?"

पण प्रणालीचा चेहरा पांढरा पडला. जिव्हाळीत विशेषनामं नव्हती. माणसांची नावं दोन शब्द जोडून करावी लागत. खांब-मित्र.

"रुपेश भावजी?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही रुपेश भावजींचं म्हणताय?"

पापणी एकदा मिटली. मग परत जीभ. "सुट्टी. त्याची. मी. बोलावलं. संपला."

"कोण म्हणालं संपला? अहो, ते आहेत! जिवंत आहेत! मांडीचं हाड मोडलं होतं, झालंय बरं. कामावर जातात!"

संदेश तिच्याकडे बघत राहिला. थरथरणारी बुबुळं तिच्यावर ठरत नव्हती, तरी तो बघत होता. "तू. म्हणाली. हो."

"मी? मी कधी म्हणाले?"

"आधी. ओठ. विचारलं. संपला का. तू. हो. रडली."

प्रणाली खाटेच्या दांड्याला धरून खाली बसली. तिला तो दिवस आठवला. फोनच्या पडद्यावरचे शब्द आठवले. तिनं आरशात बघावं तसं मेहरूनकडे बघितलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. एकदा, 'उपास केला का.' दुसऱ्यांदा, 'रुपेश गेला का.'

मेहरूननं दोन्ही बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. 'ग' आणि 'क' घशाजवळ होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. उरलेला फरक ॲपनं आपल्या मनानं भरून काढला होता. घरातलं माणूस घरच्या माणसाला बहुधा काय विचारेल, तेच त्यानं लिहिलं होतं.

"एवढे महिने," प्रणाली म्हणाली, "एवढे महिने तुम्ही हे घेऊन पडला होतात?" आणि ती संदेशच्या निर्जीव हातावर डोकं टेकून रडली. पण ते रडणं पूर्वीसारखं नव्हतं. मध्येच ती हसायची, "आहेत हो, आहेत," म्हणायची आणि परत रडायची.

मग तिनं डोळे पुसले आणि फोन लावला. "भावजी, असाल तसे निघा. नाय, वाईट काय नाय. तुम्ही या फक्त."

रुपेश दुपारीच आला. कामाचा पट्टा कमरेलाच होता. एका पायानं लंगडत तो दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"आत या की."

"वहिनी, पाय बरा झाल्यावर मी भेटायला आलो, तेव्हा तुम्ही गेटवर म्हणालात, आत्ता नको. मला वाटलं, मी धडधाकट उभा राहिलो हे तुम्हाला बघवत नसंल. संद्यालाही बघवणार नाय."

"मी आत्ता नको म्हटलं होतं, भावजी. कधीच नको असं नव्हतं म्हटलं. तुमचं नाव ऐकून त्यांना तो खांब आठवेल, एवढीच मला भीती होती."

रुपेश खाटेजवळ गेला. रुपेशनं संदेशच्या कपाळावर हात ठेवला आणि संदेशनं गाल त्याच्या मनगटाकडे वळवला, जेवढा वळत होता तेवढा. त्याच्या तोंडातून खटके येऊ लागले आणि डबी म्हणाली, "मित्र. उशीर. झाला."

रुपेश दचकला, त्यानं डबीकडे बघितलं, संदेशकडे बघितलं आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. "झाला रे बाबा. लई उशीर झाला."

"रोज," डबी म्हणाली. "तू. पडताना. ऐकलं."

"आता नको ऐकू. बघ, हाय मी. करवंदीच्या जाळीत अडकलो होतो. काटं काढायलाच डॉक्टरांना अर्धा दिवस लागला. अन् सुट्टीच्या दिवशी बोलावलंस म्हणून काय झालं? तू एकटा चढला असतास, तर खाली जाऊन माणसं कुणी आणली असती? मोडक्या पायानं सरपटत मीच गेलो रस्त्यापर्यंत."

हे संदेशला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं आणि ते कुणी पुसायची घाई केली नाही.

डॉक्टर बर्वे ठरल्या दिवशी आले. "संदेशराव, शेवटचं विचारतो. एकदा म्हणजे हो..."

त्यांना पापण्यांकडे बघायची वेळच आली नाही. "करा," डबी म्हणाली. "मग. घरी."

शस्त्रक्रिया झाली. दुबळं श्वासपटल सुरुवातीला काही मिनिटांतच दमायचं. हिवाळा सरेपर्यंत ते दिवसाचे पुष्कळ तास काम करू लागलं. गळ्यातली नळी मात्र राहणार होती, फुगाही राहणार होता. आवाज परत येणार नव्हता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. संदेशला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तो बोलत होताच.

आंबे मोहरले तेव्हा तो गावी गेला. रुपेशनं बॅटरीवर चालणारं श्वासयंत्र ठेवायला ओटीवर जागा केली आणि घरात जास्तीची वीजजोडणी करून दिली. जिव्हाळी मात्र त्याला काही केल्या नीट जमेना. त्याच्या हाकेच्या दोन्ही कडा सुटायच्या, त्यामुळे "चहा घेणार का?" विचारायला गेला की "म्हैस घेणार का?" असं व्हायचं. संदेश प्रत्येक वेळी गंभीरपणे "दोन" म्हणायचा. वाडीतली पोरं तर आठवड्याभरात एवढी पटाईत झाली की शाळेतल्या बाईंनी वर्गात जिव्हाळी बोलायला बंदी घातली.

मेहरूनला इतर रुग्णालयांतूनही बोलावणी यायला लागली. साताऱ्याची एक शिक्षिका आणि परभणीचा एक ट्रकचालक, दोघंही श्वासयंत्रावरचे, संदेशकडून व्हिडिओ कॉलवर 'साल' शिकत. मधाची युक्ती तो आवर्जून सांगायचा.

मे महिन्यात मेहरून त्यांच्या घरी आली. फणसाचे गरे झाले, आमरस झाला. निघायच्या वेळी प्रणाली म्हणाली, "मॅडम, तुमच्या भाषेत एक शब्द नाय."

"कुठला?"

प्रणालीनं संदेशकडे बघितलं. त्यानं एक आवाज काढला. आधी गोल टाप, आणि तिच्या पाठोपाठ, त्याच झटक्यात, जीभ खाली तोंडाच्या तळावर आपटल्याचा मऊ थप्. डबी गप्प होती. असे दुहेरी ठोके चूक समजून गाळायचे, हे मेहरूननंच तिला शिकवलं होतं.

"हा आवाज माझ्या दहांत नाही," मेहरून म्हणाली.

"आम्ही केला. अकरावा."

मेहरूननं करून बघितला. टाप आली, थप् आला नाही. परत केलं. जीभ अधांतरीच थांबायची.

"तुम्ही जीभ धरून ठेवताय," प्रणाली म्हणाली. "सोडून द्या. आपसूक पडू द्या."

"अर्थ काय याचा?"

प्रणालीनं जरा विचार केला. "घरात आपण कुणी कुणाला आभार वगैरे म्हणत नाय ना, मॅडम. परकं वाटतं ते. पण कुणी आपल्यासाठी एवढं करतं, की मन भरून येतं आणि काय बोलावं ते कळत नाय. तेव्हा हा."

संदेशनं तो परत उच्चारला, मेहरूनकडे तोंड करून. मग प्रणालीनंही.

मेहरूनला त्याच भाषेत उत्तर द्यायचं होतं. तिनं तीन-चारदा प्रयत्न केला आणि शेवटी हात जोडून हसत निघाली.

एसटीत खिडकीशी बसून ती सगळ्या वाटेत टक् टक् करत राहिली. शेजारच्या बाईंनी तोंड भाजलंय का म्हणून चौकशी केली. सावर्डे गेलं, वळणं गेली, शहरातली घरं दिसू लागली, तरी जीभ काही पडेना. चिपळूणला ती आपल्याच नादात उतरली आणि फलाटावरून चालू लागली.

"ओ ताई! ओ!" कंडक्टर मागून धावत आला. त्याच्या हातात तिची पिशवी होती, प्रणालीनं दिलेल्या आमसुलांची आणि फणसपोळीची. "सीटवरच राहिली. गाडीत बसताना एवढ्या मायेनं दिलेला खाऊ, इसरून कसं चालंल?"

मेहरूननं पिशवी छातीशी धरली. काय म्हणावं हे तिला सुचायच्या आतच टाप वाजली आणि जीभ मऊशी खाली पडली. थप्.

"काय म्हणालात?" कंडक्टरनं विचारलं.

"आला," मेहरून म्हणाली. "बरोबर आला."